वारा पश्चिमेचा, ऊनही पश्चिमेचं

वाचकाचं पत्र

आम्ही गोव्यात साखळीजवळ चारशे चौरस मीटरच्या जागेत घर बांधतोय. मी आणि हे, दोघंही निवृत्त. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांना दमा आहे. मुलगा जर्मनीत असतो. तो म्हणतो, पॅसिव्ह हाऊस बांधा: सगळं हवाबंद, तीन काचांच्या खिडक्या, यंत्रानं हवा खेळवायची, विजेचं बिल नावापुरतं. ह्यांना चिऱ्यांचं (जांभ्या दगडाचं), कौलारू, राजांगणाचं (मधोमध उघडं अंगण असलेलं) घर हवंय, लहानपणी पाहिलं तसं. आर्किटेक्टनं तिसरंच काढून दिलंय: उतरता स्लॅब, त्यावर चिकटवलेली कौलं, आणि हॉलला पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच, कारण तिकडे शेतं दिसतात. पैसे मोजके आहेत, एसी दोन खोल्यांतच परवडेल. सध्याच्या भाड्याच्या घरात रात्री दहा वाजले तरी भिंत गरम लागते, आणि पावसात कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, पंचवीस-तीस माणसं आमच्याकडेच असतात. कुणाचं ऐकू? आणि सोलर गीझर घ्यावा का?

एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर

ताई,

तीन नकाशे असले तरी वाद एकच आहे: घर उघडं ठेवायचं की बंद. उत्तर आधीच सांगून टाकायचं तर, हॉल, स्वयंपाकघर, देवघर, पडव्या हे सगळं उघडं, वाऱ्यावर चालणारं ठेवा. झोपायच्या दोन खोल्या मात्र नीट बंद होतील अशा बांधा. पैसे पहिल्यांदा छपरात घाला, मग पश्चिमेच्या सावलीत. काच, यंत्रं, सोलर पॅनेल हे सगळं त्यानंतर. आणि मधलं काही करू नका. फटीफटींतून हवा जाणाऱ्या खोलीत एसी लावणं म्हणजे फुटक्या कळशीनं पाणी भरणं. उलट पंख्यावर चालायच्या खोलीला न उघडणाऱ्या काचा लावल्या, तर मे महिन्यात त्या खोलीत कुणी बसणार नाही.

मुलाचं म्हणणं उडवून लावू नका. कल्पना पक्की आहे. पहिलं पॅसिव्ह हाऊस १९९०-९१ साली जर्मनीत डार्मस्टाट शहरात उभं राहिलं. त्याचा मूळ हिशेब घर तापवायच्या ऊर्जेचा आहे: वर्षभरात दर चौरस मीटरला १५ युनिटच्या वर जायचं नाही. तिथं हिवाळ्यात बाहेर शून्याखाली आणि आत वीस अंश, म्हणजे वीस-पंचवीस अंशांचा फरक सांभाळायचा असतो. त्यासाठी तीन काचा आणि हवाबंद भिंती लागतात. आपल्याकडे मेच्या दुपारी बाहेर ३३-३४ असतं आणि आत २७ झालं तरी माणूस खूश. सहा-सात अंशांसाठी तिसऱ्या काचेचे पैसे वसूल होणं कठीण. उष्ण, दमट देशांतही पॅसिव्ह हाऊस झालेत. जाकार्तामधली ऑस्ट्रियाची वकिलात त्यातलीच. पण ती कचेरी आहे, दिवसभर दारं बंद आणि एसी चालू हे तिथं गृहीतच धरलेलं असतं. तुमचं मागचं दार सकाळी उघडलं की रात्रीची जेवणं होईपर्यंत लागत नसणार.

आणि चवथ. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. तीस माणसं म्हणजे ३ किलोवॅट. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खा एसी नुसत्या माणसांतच संपला. समया, स्वयंपाकघरातली वाफ, सतत उघडणारं दार आणि सगळ्यांच्या श्वासातला ओलावा अजून धरलेलाच नाही. ते सुद्धा ऑगस्ट-सप्टेंबरच्या हवेत. असा हॉल दोन्ही बाजूंनी उघडा आणि वर तीन चांगले पंखे, ह्याहून बरं काही नाही. (जाता जाता: माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळं-भाज्यांच्या चौकटीसाठी, छताला कड्या हव्यात हे आत्ताच सांगून ठेवा. फॉल्स सीलिंग झाल्यावर ती भोकं पाडताना मी पाहिलीत, बघवत नाही.)

मुलाकडून घ्यायचं ते एवढंच: आधी घराची गरज कमी करायची, मग यंत्र निवडायचं. त्याला हे सांगितलंत तर तो नाराज होणार नाही.

आता ती पश्चिमेची काच. मार्च ते मे दुपारचा खारा वारा आपल्याकडे पश्चिम-वायव्येकडून येतो, पावसाळ्यातला वारा नैऋत्य-पश्चिमेकडून. ऊन सर्वांत तापदायक असतं तेही पश्चिमेचंच, आणि झोडपणारा पाऊसही त्याच अंगानं. पश्चिम बंद केली तर घर कोंडतं. उघडी टाकली तर भाजतं आणि भिजतं. आर्किटेक्टनं जी काच काढलीय तिनं ऊन आत येणार आणि वारा बाहेर राहणार, म्हणजे नेमकं उलटं. दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच साधी काच धरली, तर मेच्या संध्याकाळी तिच्यातून तीन-चार किलोवॅट उष्णता हॉलमध्ये येईल असा ढोबळ हिशेब निघतो. चवथीची तीस माणसं रोज संध्याकाळी घरात येऊन बसल्यासारखंच आहे ते.

"मग वर छज्जा काढू", असं आर्किटेक्ट म्हणेल. त्याला हे विचारा: मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर असतो. त्या उन्हापासून चार फूट उंचीची खिडकी झाकायची तर छज्जा आठ फूट लांब हवा. नऊ फुटी काचेचा हिशेब त्यालाच करू द्या. पश्चिमेला छज्जा कामाचा नाही, तिथं पडवी हवी किंवा उभा आडोसा हवा. जुन्या घरांत पुढं आलेला बल्काव (बैठकीचा ओटा), त्यावर खाली उतरलेली पाखी (छपराची उतरती कड), मागं पडवी, हे सगळं ह्याच पेचातून आलेलं आहे, हौसेतून नाही. म्हणून हॉलच्या पश्चिमेला सलग आठ फुटी पडवी काढा, तिचं छप्पर पुढच्या बाजूला सात फुटांपर्यंत खाली आणा, आणि हॉल-पडवीमध्ये झडपांची लाकडी दारं ठेवा. दार बंद असलं तरी वारा येतो, पाऊस येत नाही. जूनमध्ये पडवीच्या तोंडाला बांबूच्या चटया किंवा माडाच्या झावळ्यांचे झाप बांधायचे, दसऱ्याला सोडायचे. शेतं बघायला काच लागत नाही, पडवीत खुर्ची लागते.

पश्चिमेला जे उरतं तिथं न्हाणीघर आणि जिना सारा. झोपायच्या खोल्या पूर्वेला किंवा ईशान्येला. दक्षिणेच्या खिडक्यांना मात्र छज्जा चालतो: डिसेंबरमध्येही दुपारी सूर्य ५१ अंशांवर असतो, त्यामुळे दोन फुटांत बरंचसं काम होतं. उत्तरेला ऊन नसतं म्हणतात ते गोव्यात पूर्ण खरं नाही. मेच्या सुरुवातीला सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या मध्याला परत येतो. तेवढ्या काळासाठी उत्तरेलाही दीड फुटाचा छज्जा असू द्या, पावसालाही तो उपयोगी पडतो.

छपराबद्दल जरा सविस्तर सांगते आहे, कारण तुमच्या एकमजली घरात सर्वांत मोठी चूक तिथंच होऊ शकते. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १ किलोवॅट ऊन पडतं. हजार चौरस फुटांचं छप्पर म्हणजे नव्वद किलोवॅटच्या वर. भिंतींवर चारी बाजू मिळून एका वेळी एवढं पडत नाही. आणि आता सगळीकडे जी पद्धत निघालीय, उतरता स्लॅब ओतायचा आणि त्यावर सिमेंटनं कौलं चिकटवायची, ती मला मुळीच पटत नाही. बाहेरून घर कौलारू दिसतं, आतून तो तापलेला स्लॅबच असतो. कौल आणि स्लॅब यांच्यात हवा नाही, त्यामुळे कौलाची सगळी उष्णता काँक्रीटमध्ये उतरते, काँक्रीट ती दिवसभर साठवतं आणि तुम्ही अंथरुणाला पाठ टेकलीत की वरून सोडायला लागतं. पंखा तीच हवा खाली ढकलतो.

स्लॅब हवाच असेल, चोरांसाठी, माकडांसाठी किंवा मनाच्या समाधानासाठी, तर त्यावर ५० मिलिमीटरच्या एक्सपीएसच्या (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमच्या) पाट्या घाला, वर लोखंडी किंवा लाकडी रिपा मारा आणि रिपांवर मंगळुरी कौलं ठेवा. कौलाखालून वारा जायला हवा: खाली पाखीशी वाट आणि वर आढ्याशी वाट, दोन्ही ठिकाणी जाळी. कौल सावली देतं, मधली हवा उष्णता घेऊन जाते, एक्सपीएस उरलेली अडवतं. उघड्या स्लॅबमधून उष्णता जाण्याचं माप, म्हणजे यू-व्हॅल्यू, तीनच्या आसपास किंवा वर असते. एवढं केलं की ती अर्ध्यावर येते. तिनाच्या अर्ध्यावर नव्हे, ०.५ वर. खर्चाच्या मानानं एवढा फरक घरात दुसऱ्या कशानंही पडत नाही.

यजमानांना हवं तसं निव्वळ वासे-रिपांचं कौलारू छप्पर केलंत तरी चालेल, स्वस्तही पडेल. फक्त झोपायच्या खोल्यांवर सीलिंग हवं आणि सीलिंगच्या वर तीच ५० मिलिमीटरची पाटी. नुसत्या कौलाखाली मे महिन्यात डोक्यावर धग येते, हे लहानपणच्या आठवणीत राहत नाही. एसीची हवाही फटींतून निघून जाते.

गोव्यात बरेच लोक सपाट स्लॅबवर चार वर्षांनी पत्रे टाकतात, गळती थांबवायला. दिसायला ते कसंही असलं तरी उष्णतेच्या दृष्टीनं चांगलं आहे. स्लॅब सावलीत येतो आणि मधून वारा जातो. तुमच्या शेजाऱ्यांनी तसं केलं असेल तर त्यांना नावं ठेवू नका. पांढऱ्या रंगाचा उपाय मात्र इथं अर्धवट चालतो: एका पावसात शेवाळ धरून गच्ची काळी होते, आणि दर नोव्हेंबरात घासायला कुणी चढत नाही.

भिंतींकडे या. भाड्याच्या घरातली रात्री दहाची गरम भिंत पश्चिमेची असणार. नऊ इंची जड भिंतीतून ऊन पलीकडे पोचायला सहा-सात तास लागतात, म्हणून दुपारी तीनचं ऊन तुम्हाला जेवणानंतर भेटतं. नागपूरसारख्या कोरड्या गावात रात्र चांगली थंड होते, जाड भिंत उघडी टाकून गार करता येते. आपल्याकडे मेमध्ये दिवस-रात्रीत सहा-सात अंशांचाच फरक असतो, भिंतीला गार व्हायला सवडच मिळत नाही. तेव्हा चिरे वापरा, आवडीनं वापरा, पण सावलीतल्या भिंतींना. तीन-चार फूट बाहेर आलेल्या पाखीखालची चिऱ्याची भिंत उत्तम. झोपायच्या खोल्यांची जी भिंत उन्हात येईल ती एएसी (बारीक पोकळ्यांच्या काँक्रीटच्या) ब्लॉकची करा. ते हलके असतात आणि उष्णता चिऱ्यापेक्षा कितीतरी कमी नेतात. गवंडी कुरकुर करेल, करू दे. झाडं लावायची तर पश्चिमेला आधी केळी, त्या वर्षभरात भिंतीएवढ्या होतात. आंबा-फणस घरापासून लांब.

राजांगण? मनापासून आवडत असलं तरी चारशे मीटरच्या जागेत मी ते काढणार नाही. पावसाला आणि वाऱ्याला खरोखर उघडं असलेलं, चारी बाजूंनी पडवी असलेलं राजांगण जागा खातं. आणि लहान केलं की पहिल्या पावसाळ्यानंतर त्यावर पॉलिकार्बोनेटचा पत्रा येतोच. मग खालच्या तुळशीसकट सगळं घर तापतं. त्यापेक्षा हॉलचं आढं उंच ठेवा आणि आढ्याखाली दोन्ही बाजूंना झडपा ठेवा. गरम हवा वरून जाते, जुन्या घराचा भासही येतो.

आता दोन बंद खोल्या, आणि सासूबाईंचा दमा. इथं मुलाचं ऐका. खिडकी-दाराच्या फटींना रबरी पट्टी, दाराखाली ब्रश, एसीच्या नळीचं भोक नीट बुजवलेलं. खिडक्या पूर्ण उघडतील अशा घ्या, सरकत्या नकोत, त्या अर्ध्याच उघडतात. डासजाळी वारा बराच अडवते, म्हणून खिडकी जरा मोठीच ठेवा. रात्रभर बंद खोलीत हवा शिळी होते, तेव्हा भिंतीत झाकण असलेली एक लहानशी हवेची वाट हवी.

एसी मोठा घेऊ नका. जुलैत बाहेर २७ अंश आणि आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. तेव्हा त्रास उष्णतेचा नसतो, ओलाव्याचा असतो. दीड-दोन टनांचा एसी छोट्या खोलीत पाच मिनिटांत ठरलेलं तापमान गाठतो आणि थांबतो. हवेतलं पाणी तसंच राहतं, खोली गार आणि दमट होते, आणि बुरशीला नेमकं हेच हवं असतं. सावलीतल्या, चांगल्या छपराच्या १२०-१३० चौरस फुटांच्या खोलीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो. २०२० पासून स्टार लेबलचे एसी २४ अंशांवर ठरवूनच येतात. तुम्ही तो २६ वर ठेवा आणि पंखा चालू ठेवा. अंगावर सेकंदाला मीटरभर वेगाचा वारा आला की दोन-तीन अंश कमी वाटतं, आणि बीईईच्या (केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता संस्थेच्या) हिशेबानं एसीचा काटा एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पावसाळ्यात ड्राय मोड. सासूबाईंच्या खोलीत आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ ठेवा, काही शे रुपयांत मिळतं. काटा साठ टक्क्यांच्या वर राहू लागला तर दोन-तीनशे वॅटचा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) घ्या. माझ्या मते दम्याच्या माणसाच्या घरात ते चैनीचं यंत्र नाही. त्यांच्या डॉक्टरांशीही बोलून घ्या.

साड्यांचं उत्तर ह्यातच आहे. कपाट पावसाच्या भिंतीला चिकटलेलं असलं की मागची हवा हलत नाही आणि तिथं बुरशी धरते. एसीच्या खोलीच्या मधल्या भिंतीला पलीकडून, म्हणजे दमट बाजूनं, कपाट लावू नका. एसी २० वर चालला की त्या भिंतीवर पाणी धरतं. साड्यांचं कपाट एसीच्या खोलीत, आतल्या भिंतीला, तीन इंच सोडून. आणि पावसाळ्यात ओले कपडे घरात वाळत घालणं बंद: धुतलेल्या बादलीभर कपड्यांतलं लिटर-दोन लिटर पाणी तुमच्याच हवेत जातं. मागच्या पडवीत छताखाली दोऱ्यांची जागा आजच नकाशात दाखवून घ्या. पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेल्या जिनसांच्या, साठवणीची खोलीही पावसाच्या अंगाला नको.

आर्किटेक्टशी वाद घालण्यापेक्षा त्याच्या हातात मोजमाप द्या. केंद्र सरकारची इको निवास संहिता डिसेंबर २०१८ मध्ये आली. ती ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटसाठी आहे, तुम्हाला बंधन नाही, पण तिचे आकडे वापरायला कुणाची ना नाही. छपराची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत, बाह्यभिंती आणि खिडक्यांतून येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत, आणि आपल्यासारख्या उष्ण-दमट भागात उघडता येणारी खिडकी-दारं चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के, म्हणजे सहावा हिस्सा. "ही तीन गणितं करून द्या" एवढंच म्हणा. पश्चिमेच्या काचेचं काय करायचं ते त्याला दुसऱ्या गणितात आपोआप दिसेल.

पंखे बीएलडीसीचेच, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे. साधा पंखा ७५ वॅट, हा ३० च्या आसपास. पाच पंखे रोज बारा तास धरले तर वर्षाला साडेनऊशे-हजार युनिट वाचतात. सोलर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपयांचं अनुदान आहे. ३ किलोवॅटमधून वर्षभराच्या सरासरीनं दिवसाला बारा-एक युनिट निघतात, जून-जुलैत बरेच कमी. पण वर सांगितलेलं सगळं केलंत तर तुम्हाला २ किलोवॅट पुरण्याची शक्यता आहे. म्हणून पॅनेल पहिल्या वर्षाची बिलं बघून घ्या, फक्त वायरचा पाइप आत्ताच टाकून ठेवा. ती दक्षिणेच्या उतारावर बसवा, माडाच्या टप्प्यात नको. नारळ अनुदान बघत नाही.

राहिला गीझर. टाकीतलं पाणी आपल्याकडे वर्षातले बरेच महिने २६-२७ अंशांचं असतं. वीस लिटरची बादली चाळीस अंशांपर्यंत न्यायला एक-तृतीयांश युनिटही लागत नाही. तीन माणसांचं दिवसाला एक युनिट धरा. त्यासाठी छपरावर शंभर लिटरची टाकी चढवायची, तिनं ज्या महिन्यांत गरम पाणी लागतं त्याच पावसाळ्यात दगा द्यायचा, आणि पॅनेलची जागा अडवायची, हे मला जमत नाही. दहा-पंधरा लिटरचा, पाच स्टारचा विजेचा गीझर घ्या आणि तो न्हाणीघरातच, नळाजवळ लावा.